स्वतंत्र धंद्याचे खरे भांडवल

महाराष्ट्र सरकारने २०२३ साली तलाठ्यांच्या ४,६४४ जागा भरण्याचे ठरविले, तेव्हा त्या जागांकरिता १० लाखांहून अधिक अर्ज आले. पुढल्याच साली पोलीसभरतीच्या सुमारे साडेसतरा हजार जागांस साडेसतरा लाखांवर अर्ज पडले. पहिल्या ठिकाणी एका जागेमागे २०० हून अधिक उमेदवार, दुसऱ्या ठिकाणी १०० उमेदवार, असे हे प्रमाण येते. तलाठ्याच्या परीक्षेचे शुल्क खुल्या वर्गास १,००० व राखीव वर्गास ९०० रुपये होते. म्हणजे केवळ ह्या एका परीक्षेच्या अर्जापायी उमेदवारांच्या घरांतून ९० कोटींच्या वर रक्कम बाहेर पडली. पुण्यास खोली घेऊन राहणे, खानावळ, अभ्यासिका, शिकवणीचे वर्ग व पुस्तके ह्यांचा खर्च निराळाच, आणि ऐन उमेदीची जी चार-सहा वर्षे ह्या तपश्चर्येत जातात त्यांची किंमत तर कोणत्याही वहीत मांडली जात नाही. ज्यांस जागा मिळाली त्यांचे अभिनंदन सर्वत्र होते. ज्यांस मिळाली नाही अशा लक्षावधींचे पुढे काय झाले, हे विचारणारा मनुष्य क्वचितच आढळतो.

हे आकडे पुढे ठेवून तरुणांस दोष देण्याची जी रीत आपल्याकडे पडली आहे, तीत सामील होण्याची आमची इच्छा नाही. नोकरीचा हव्यास सोडा, स्वतंत्र धंद्यात पडा, हा उपदेश महाराष्ट्रास नवा नाही. १८४८ साली 'प्रभाकर' पत्रात लोकहितवादींनी आपली शतपत्रे लिहावयास आरंभ केला, तेव्हापासून आपल्या सुशिक्षितांच्या चाकरीच्या आवडीवर कोरडे ओढले जात आहेत. न्यायमूर्ती रानड्यांनी पुढे पुण्यास औद्योगिक परिषदेचा पाया घातला. पैसाफंडाने घरोघर एकेक पैसा गोळा करून १९०८ साली तळेगावास काचेचा कारखाना उभा केला. एवढे होऊनही, पावणेदोनशे वर्षांनंतर, एका जागेवर दोनशे जण तुटून पडावे, ह्याचे कारण उपदेश ऐकणाराच तेवढा नालायक, असे मानणे सोपे आहे. पण उपदेश करणाऱ्याकडून काही राहून गेले आहे काय, हे एकदा पाहणे अधिक न्यायाचे होईल. आजच्या लेखात आम्ही तेच पाहणार आहो, आणि आमचे म्हणणे मुख्यतः ज्यांची दुकाने, पेढ्या व घरे ह्या गावात नीट चाललेली आहेत त्यांस उद्देशून आहे.

प्रथम एक भ्रम दूर केला पाहिजे. आपल्या देशात स्वतंत्र धंदा करणारे लोक थोडे आहेत, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. केंद्र सरकारच्या श्रमबळ पाहणीप्रमाणे २०२३-२४ साली देशातील काम करणाऱ्या माणसांपैकी शेकडा ५८.४ ही स्वयंरोजगारी होती, आणि त्यांतील सुमारे एक तृतीयांश माणसे घरच्याच शेतात वा दुकानात काही मोबदला न घेता राबणारी होती. ज्या देशात निम्म्याहून अधिक लोक आपले आपण पोट भरतात, त्या देशात स्वतंत्र धंद्याचे धैर्य नाही असे म्हणता येत नाही. उणीव आहे ती अशा धंद्याच्या टिकाऊपणाची. नाक्यावरचा भाजीवाला, गल्लीतला शिंपी, घरोघर जाऊन नळ दुरुस्त करणारा कारागीर, हे सर्व स्वतंत्रच आहेत; पण त्यांस आजारपणाची रजा नाही, केलेल्या कामाचे पैसे केव्हा मिळतील ह्याचा भरवसा नाही, आणि लग्नाच्या बाजारात त्यांच्या मुलांस किंमत नाही. आपला तरुण हे सर्व रोज डोळ्यांनी पाहतो. तो जेव्हा म्हणतो की, मी दहा वर्षे परीक्षा देईन पण ह्या वाटेस जाणार नाही, तेव्हा तो आळसाने बोलत नसून, जे पाहिले त्यावरून हिशेब करून बोलत असतो. त्याचा हिशेब बदलावयाचा असेल तर पाहण्यातली वस्तू बदलली पाहिजे.

आणि ती बदलण्यासारखी आहे, असे आमचे ठाम मत आहे. मनुष्यास काम का आवडते, ह्याचा विचार केला तर तीन कारणे सहज दिसतात. आज जे करता येत नाही ते वर्षाने करता येईल, अशी कौशल्यात वाढ होत राहणे, हे पहिले. आपल्या हातून झालेले काम कोणाच्या उपयोगी पडले हे डोळ्यांनी दिसणे, हे दुसरे. आणि आपल्या वेळेचा व श्रमाचा भाव ठरविण्यात आपला काही शब्द असणे, हे तिसरे. विहिरीवरची बंद पडलेली मोटार दुरुस्त करून पाणी सुरू करणारा कारागीर, रोपवाटिकेत टोमॅटोची रोपे तयार करून शेतकऱ्यास देणारी बाई, मोडका पंखा वा शिलाईयंत्र पुन्हा चालते करणारा मुलगा, ह्यांच्या कामात पहिली दोन कारणे भरपूर आहेत. कित्येक कचेऱ्यांत ती औषधापुरतीही सापडत नाहीत. उणे पडते ते तिसरे. म्हणून ज्याला समाधानाचे काम म्हणतात ते शोधावयास फार दूर जावे लागत नाही. त्याचा भाव व त्याचा मान मात्र अजून मिळवावयाचा आहे, आणि तो मिळवून देणे एकट्या करणाऱ्याच्या हाती नाही.

आता पैशाचा प्रश्न. धंद्यास भांडवल पाहिजे, ते गरिबाजवळ नाही, म्हणून धंदा त्याच्यासाठी नाही, असे सांगणाऱ्यांस उत्तर म्हणून श्रीमहिला गृहउद्योग लिज्जत पापड ह्या संस्थेची गोष्ट नेहमी सांगितली जाते. १९५९ सालच्या १५ मार्चला मुंबईस गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटले, आणि आज त्या संस्थेत ४० हजारांहून अधिक भगिनी आहेत. गोष्ट खरी आहे. परंतु सांगणारे तिच्यातील ८० ह्या आकड्यावरच थांबतात आणि बाकीची गोष्ट विसरतात. ते ८० रुपये छगनलाल करमसी पारेख ह्या समाजसेवकाने दिले होते. त्या पहिल्या दिवशी तयार झालेल्या चार पाकिटांस भुलेश्वरातील एका ओळखीच्या व्यापाऱ्याने आपल्या दुकानात जागा दिली होती. आणि संस्थेने पुढे जी रीत घातली ती अशी की, लाटलेले पापड आणून दिले की लाटणावळ त्याच वेळी हातात पडावी. म्हणजे उसने देणारा एक, विकत घेणारा एक, आणि रोजचे दाम रोज, ह्या तीन गोष्टींचा आधार त्या ८० रुपयांच्या पाठीशी होता. त्या नसत्या तर ८० चे ८०० असते तरी महिन्याभरात संपले असते.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरणही असेच अर्धवट सांगितले जाते. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील शिक्षकाची नोकरी सोडून बेळगावास सायकलींच्या दुकानात पडलेला हा गृहस्थ पुढे केवढा कारखानदार झाला, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यांनी लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशा समजुतीने शेतकरी त्यास हात लावीनात, आणि नांगर खपावयास जवळजवळ दोन वर्षे लागली. बेळगावातील जागाही पुढे सोडावी लागली. आणि १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानात कुंडलजवळ माळरानाची जमीन व मदत दिली तेव्हा किर्लोस्करवाडी उभी राहिली. लक्ष्मणरावांच्या बुद्धीस व चिकाटीस ह्याने काडीइतकाही कमीपणा येत नाही. पण तेवढीच बुद्धी व चिकाटी असलेले आणखी किती जण त्या दोन वर्षांतच बुडाले असतील, ह्याची नोंद इतिहास ठेवीत नाही.

गिऱ्हाईक न येणे हे केवळ समजुतीमुळेच घडते असे नाही. आपल्या समाजात ते जातीमुळेही घडत आले आहे. कोल्हापुरास शाहू छत्रपतींच्या कारकिर्दीत गंगाराम कांबळे ह्या अस्पृश्य मानलेल्या गृहस्थाने महाराजांच्या साहाय्याने चहाचे दुकान घातले. दुकान होते, चहा होता, मेहनत होती. पण स्पृश्य गिऱ्हाईक पायरी चढेना. तेव्हा महाराजांनी स्वतः आपली गाडी त्या दुकानासमोर उभी करून तेथला चहा घेतला, आणि आपल्याबरोबरच्या मंडळींसही घ्यावयास लावला. महाराजांनी दिलेले पैसे ही मदत खरीच. पण त्या दुकानास जीव आला तो महाराज गिऱ्हाईक झाले तेव्हा. सुधारणेच्या इतिहासात परिषदा व ठराव पुष्कळ आहेत. परंतु गिऱ्हाईक होणे हीसुद्धा सुधारणा आहे, हे ह्या प्रसंगाइतके स्पष्ट क्वचितच कोणी दाखविले असेल.

ह्या तिन्ही कथांतून आम्हांस जे सांगावयाचे ते आता वाचकांच्या लक्षात आले असेल. स्वतंत्र धंद्याचे खरे भांडवल पेटीत नसते, ते वेळेवर दाम देणाऱ्या गिऱ्हाइकात असते. हे वाक्य अलंकारिक वाटेल, म्हणून आम्ही ते आकड्यांनी मांडतो. समजा, एखादी बाई रोज २० डबे करून देते. डब्याचे ६० रुपये. त्यांत धान्य, भाजी, तेल, गॅस मिळून ३८ रुपये जातात. म्हणजे रोजचा सामानाचा खर्च ७६० रुपये. महिन्याचे २६ दिवस धरले, आणि गिऱ्हाइके महिनाअखेर पैसे देणारी असली, तर पहिला रुपया हाती येण्यापूर्वी तिला पदरचे १९,७६० रुपये घालावे लागतात. तीच गिऱ्हाइके दर सहा दिवसांनी हिशेब चुकता करतील, तर तिला ४,५६० रुपये पुरतात. त्यांनी आठवड्याचे पैसे आगाऊ दिले, तर पातेली व डबे सोडून भांडवलच लागत नाही. आणि निम्म्या गिऱ्हाइकांनी महिनाअखेरचे पैसे पुढल्या महिन्यावर ढकलले, तर हाती आलेल्या १५,६०० रुपयांत दुसऱ्या महिन्याचे १९,७६० रुपयांचे सामान बसत नाही. घरात एक पैसा न नेतासुद्धा ४,१६० रुपये कमी पडतात, ते व्याजाने काढावे लागतात. स्वयंपाक तोच, चव तीच, मेहनत तीच. धंदा तरतो किंवा बुडतो तो केवळ पैसे कोणत्या दिवशी आले ह्यावर.

हा हिशेब आम्ही मनाने रचला असला, तरी त्यातील व्यथा कल्पनेतली नाही. मुंबईच्या गिरणगावात पिढ्यान्‌पिढ्या हजारो बायकांनी गिरणीकामगारांस खानावळी घालून जेवू घातले. कामगार पगाराच्या दिवशी पैसे देणार; तोपर्यंत ह्या बायका वाण्याकडून उधारीने धान्य आणणार; उधारीचा भाव रोखीपेक्षा चढा, आणि त्यावर सावकाराचे व्याज. नफा म्हणून जो काही उरावयाचा तो ह्या मार्गाने परस्पर निघून जाई. १९७५ साली प्रेमा पुरव ह्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, तेव्हा त्यांनी ह्या बायकांस नवा धंदा शिकविला नाही, कारण धंदा त्यांस उत्तम येत होता. त्यांनी एवढेच केले की, बायकांचे गट करून, एकमेकींच्या जबाबदारीवर बँकेचे कर्ज मिळवून दिले आणि सावकाराच्या तावडीतून त्यांची सुटका केली. रोग कोठे आहे हे ओळखले की उपाय किती साधा असतो, ह्याचा हा दाखला आहे.

सरकारने ह्या बाबतीत काहीच केले नाही असे कोणी म्हणू नये. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत तारण न घेता कर्ज मिळते. पहिली पायरी ५० हजारांपर्यंतची आहे, आणि पहिल्या दहा वर्षांत ५२ कोटींच्या आसपास कर्जे दिली गेली, ज्यांची सरासरी ६२ हजारांच्या घरात येते. रस्त्यावरील विक्रेत्यांकरिता २०२० साली निघालेल्या स्वनिधी योजनेत २०२५ सालच्या सुधारणेनंतर पहिले कर्ज १५ हजार, ते फेडल्यावर २५ हजार, आणि पुढे ५० हजार, अशा पायऱ्या आहेत. सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, गवंडी, चांभार इत्यादी १८ व्यवसायांकरिता २०२३ साली विश्वकर्मा योजना आली. तीत हत्यारांसाठी १५ हजार रुपयांचे साहाय्य आणि शेकडा ५ व्याजाने प्रथम १ लाख व नंतर २ लाखांचे कर्ज ठेवले आहे. उद्यम नोंदणीस तर मुळीच शुल्क नाही. तीकरिता मध्यस्थ जे पैसे मागतो ते अज्ञानाचे पैसे होत.

उधारीविषयीही कायदा आहे. २००६ सालच्या कायद्याप्रमाणे नोंदलेल्या लहान उत्पादकाचे वा सेवा देणाऱ्याचे देणे, करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी फार तर ४५ दिवसांत दिले पाहिजे. न दिल्यास बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. १ एप्रिल २०२४ पासून आयकराच्या कायद्यातही अशी तरतूद आली की, अशा लहान उद्योगाचे पैसे ह्या मुदतीत दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत व्यापाऱ्यास तो खर्च आपल्या हिशेबात वजा धरता येत नाही. नियम उत्तम आहे. परंतु पिशव्या शिवून देणारी बाई मोठ्या दुकानदारावर दावा करावयास जाईल काय? ती गेली तर व्याज मिळेल, पण पुढले काम जाईल, हे तिला पक्के ठाऊक असते. जेथे एका पक्षास दुसऱ्याची गरज आहे आणि दुसऱ्यास पहिल्याची नाही, तेथे कायद्याचे कलम कागदावर राहते आणि व्यवहार रिवाजाने चालतो. म्हणून आम्ही कलमांपेक्षा रिवाजाविषयी बोलत आहो.

येथे व्यापारी वाचक म्हणतील की, आमचेही पैसे दुसऱ्याकडे अडकलेले असतात. आम्हांस वरून मिळाल्यावाचून आम्ही खाली कोठून द्यावे? आक्षेप खोटा नाही. परंतु ज्याचे दोन लाख अडकले आहेत त्याच्याजवळ बँकेचे खाते, तारण आणि पत आहे. ज्या शिंप्याचे चार हजार अडकले आहेत त्याच्याजवळ त्या चार हजारांवाचून दुसरे काहीच नाही. साखळीतील सर्वांत अशक्त कडीवरच सर्व ताण टाकावयाचा, ही व्यवहारनीती म्हणून जरी चालली, तरी शहाणपण म्हणून चालणार नाही. कारण ती कडी तुटली म्हणजे चांगला कारागीर गावातून जातो, आणि मग तोच व्यापारी 'हल्ली माणसे मिळत नाहीत' म्हणून तक्रार करीत बसतो. शंभर लहान देणी वेळेवर दिल्याने पेढीच्या रोखीत जो फरक पडतो तो थोडा, आणि शंभर घरांत जो पडतो तो फार मोठा.

दुसरी गोष्ट उमेदवारीची. पुस्तके वाचून परीक्षा देता येते, पण गाळा कसा चालवावा हे गाळ्यावरच कळते. माल कोठून आणावा, कोणास किती उधार द्यावे, कोणते काम नाकारावे, गिऱ्हाईक रागावले असता काय बोलावे, ह्या विद्या कोणत्याही वर्गात शिकवीत नाहीत. पूर्वी त्या बापाकडून मुलास मिळत, म्हणजे जातीच्या कुंपणात कोंडलेल्या असत. आज कुंपण पुष्कळ मोडले आहे, पण त्याच्या जागी नवी पाठशाळा उभी राहिली नाही. १९६१ सालच्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्यात पुढे झालेल्या सुधारणांप्रमाणे चार किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेस असे उमेदवार घेता येतात, तीस किंवा अधिक असतील तर घेणे बंधनकारक आहे, आणि विद्यावेतनाचा काही भाग सरकार सोसते. तरीही पुष्कळ दुकानदार बिचकतात. ते म्हणतात, मी शिकवीन आणि हा उद्या माझ्याच समोर दुकान थाटील. थाटीलही! पण ज्या बाजारात एका धंद्याची दहा दुकाने असतात तेथे दहा गावचे गिऱ्हाईक येते, हे आपल्या सराफकट्ट्यांस व कापडपेठांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. शिवाय शिकून बाहेर पडलेला शिष्य पुष्कळदा पहिली काही वर्षे गुरूच्याच दुकानातून माल नेतो. भिऊन विद्या झाकून ठेवणाऱ्याचे दुकान त्याच्याबरोबरच संपते.

आता ज्या तरुणांनी ही वाट धरण्याचे मनात आणले आहे त्यांसही दोन शब्द सांगणे आमचे कर्तव्य आहे. आरंभ दुकानाच्या पाटीपासून व अनामत रकमेपासून करू नये. जो पैसा भिंती व काच ह्यांत जातो तो फिरत नाही, आणि न फिरणारा पैसा लहान धंद्यास मारतो. आधी कसब, मग हत्यारे, मग गिऱ्हाईक, आणि जागा सर्वांत शेवटी, हा क्रम सोडू नये. ज्या धंद्यात गिऱ्हाइकाच्या दारी जाऊन काम करता येते, जसे वायरिंग, नळकाम, मोटार व पंपाची दुरुस्ती, घरगुती यंत्रांची वा सौरपट्ट्यांची देखभाल, त्यांस जागा लागतच नाही. महागडे यंत्र प्रथम भाड्याने आणून त्यावर काम मिळते की नाही हे पाहावे. मिळाले तर मगच ते विकत घ्यावे. हाती एखादी लहान नोकरी असेल तर ती सोडण्यापूर्वी सकाळ-संध्याकाळ धंदा करून पाहावा, कारण उपाशी पोटाने ठरविलेला भाव नेहमी कमीच असतो. घरखर्च आणि धंद्याचा खर्च दोन वह्यांत लिहावा, आणि स्वतःच्या श्रमाची मजुरी धंद्याच्या खर्चात धरावी. जो ती धरीत नाही तो नफ्याच्या भ्रमात फुकट राबत असतो. पहिले कर्ज लहान घ्यावे आणि ते मुदतीत फेडावे. त्या फेडीने जी पत बसते तीच पुढल्या कर्जाचे तारण होय. धंद्याच्या नावाने काढलेले कर्ज लग्नात वा मोटारसायकलीत घालणे म्हणजे बियाणे दळून खाणे आहे. आणि मोबाईलवर घटकेत कर्ज देणाऱ्या अनोळखी मंडळींपासून दूर राहावे. जुन्या सावकाराचा निदान चेहरा तरी दिसत असे.

परीक्षेचा मार्ग अजिबात सोडा, असे आम्ही म्हणत नाही. राज्यास तलाठी पाहिजेत आणि पोलीसही पाहिजेत. परंतु किती वेळा बसावयाचे आणि किती वर्षे द्यावयाची, ही मर्यादा पहिल्याच वर्षी घरच्यांसमक्ष ठरवून टाकावी, आणि त्याच काळात एखादे हातचे काम शिकत राहावे. असे काम शिकल्याने परीक्षेच्या अभ्यासात जी खोटी येते ती थोडी; पण निकाल विरुद्ध लागला तर तेच काम मनुष्यास उभे ठेवते.

ह्या सर्व विचारात स्त्रियांचा प्रश्न निराळा काढावा लागतो, कारण घरात बसून करण्याजोगे धंदे पुष्कळसे त्यांच्याच हाती आहेत आणि पत मात्र त्यांच्या नावावर नाही. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे चेतना सिन्हा ह्यांनी गावातील बायकांची बँक काढण्याचे मनात आणले, तेव्हा सभासद बायका निरक्षर, अंगठा उठविणाऱ्या, म्हणून रिझर्व्ह बँकेने प्रथम परवाना नाकारला. त्या बायका परत आल्या, लिहावयास शिकल्या, पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांस म्हणाल्या की, मुदलावरचे व्याज आम्हांस तोंडी काढता येते, पाहिजे तर परीक्षा घ्या. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. ज्यांस हिशेब येतो त्यांस अक्षर येत नाही म्हणून पत नाकारणे, आणि ज्यांस अक्षर येते त्यांस हातचे काम येत नाही म्हणून घरी बसविणे, अशा दुहेरी उधळपट्टीत आपला समाज आपली माणसे घालवीत आहे. गाळा भाड्याने देताना आडनाव विचारणारा मालक, बाईचा अर्ज पाहताच नवऱ्याची सही मागणारा कारकून, आणि मुलगा दुरुस्तीचे दुकान चालवितो असे कळताच स्थळ परत करणारा वधूपिता, हे तिघेही ह्याच उधळपट्टीचे भागीदार आहेत. पदवीधर मुलगी स्वतःची रोपवाटिका चालविणाऱ्या तरुणास वरील, आणि तिचा बाप तसे अभिमानाने सांगील, त्या दिवशी तलाठ्याच्या परीक्षेचे अर्ज आपोआप कमी होतील. तोपर्यंत व्याख्यानांचा उपयोग मर्यादितच आहे.

मुंबई-पुण्याच्या सरकारी कचेऱ्यांत काय ठरते हे आपल्या हाती थोडे आहे. आपल्या गावच्या पेठेत काय चालते हे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे. म्हणून आमची सूचना लहान व नेमकी आहे. प्रत्येक व्यापाऱ्याने वर्षास निदान एक उमेदवार आपल्या दुकानी घ्यावा, तो आपल्या नात्यातला वा जातीतला नसावा, आणि त्यास झाडलोट करावयास न लावता खरेदीच्या वेळी शेजारी बसवावे. प्रत्येक गृहस्थाने डबेवाली, शिंपी, सुतार, दुरुस्तीवाला ह्यांचे पैसे काम संपताच द्यावे. 'पुढच्या वेळी एकदम घे' हे वाक्य घरातून हद्दपार करावे. व्यापारी संघाने आपल्या सभासदांची लहान देणी १५ दिवसांत चुकती झाली की नाही, हे तीन महिन्यांनी एकदा सभेत विचारावे. नावे वाचण्याची पाळी बहुधा येणारच नाही, विचारले जाणार एवढे कळले तरी पुष्कळ काम होईल.

दिवाळीत वहीपूजन होते, नव्या वहीवर 'श्री' काढला जातो आणि जुने खाते बंद होते. यंदा ते पूजन करण्यापूर्वी प्रत्येक पेढीने जुन्या वहीची पाने एकदा चाळावी, आणि ज्या देण्यांच्या रकमा इतक्या लहान आहेत की आजवर त्यांच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही, ती सर्व आधी फेडावी. तितक्या रकमेचे भांडवल त्याच दिवशी ह्या गावच्या स्वतंत्र धंद्यांस मिळेल, आणि त्याकरिता कोणत्याही योजनेचा अर्ज भरावा लागणार नाही.